शेजारचा जिल्हा, चौकोन चार

शब्दकोड्यात ‘मराठवाड्यातील एक जिल्हा’ असं शोधसूत्र आलं की मी डोकं लावायच्या आधी चौकोन मोजतो. मराठवाड्यात जिल्हे आठ. दोन चौकोन असतील तर आमचं बीड, दुसरं काही बसतच नाही. तीन असतील तर मात्र गर्दी: जालना, लातूर, नांदेड, हिंगोली. चार असतील तर परभणी नाहीतर धाराशिव. राहिलं छत्रपती संभाजीनगर, त्याला दहा चौकोन लागतात. पेपरातल्या रोजच्या कोड्यात तेवढी जागाच नसते, म्हणून कोडेकार त्या वाटेला जात नाहीत.

मी बीड विभागात एसटीचा वाहक होतो. गाडी फलाटाला लागली, कंट्रोलरकडे नोंद झाली, की कुणीतरी सीटवर टाकून गेलेला पेपर उघडायचा आणि सुटायची वेळ होईपर्यंत आडवे-उभे शब्द भरायचे. भूगोल मी शाळेत कमी आणि गाडीच्या पाट्यांवर जास्त शिकलो. त्यामुळे गावाचं, नदीचं, प्रदेशाचं सूत्र आलं की मला बरं वाटतं. संगीतातला राग किंवा पुराणातला ऋषी विचारला की मी ड्रायव्हरकडे बघायचो आणि तो खिडकीबाहेर बघायचा.

हा खेळ आपल्याकडे बाहेरून आला. न्यूयॉर्कच्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात आर्थर विन याने 21 डिसेंबर 1913 रोजी पहिलं कोडं छापलं. इंग्रजीत बीड लिहायचं तर चार चौकोन जातात, मराठीत दोनच, कारण आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं अक्षराबरोबर एकाच घरात राहतं. जोडाक्षरालाही एकच घर. म्हणून वर्धा दोनात बसतं आणि रत्नागिरी चारात. राज्याच्या छत्तीस जिल्ह्यांत दोन अक्षरी पाचच: बीड, पुणे, ठाणे, धुळे, वर्धा. कोपरा बंद करायला कोडेकारांना हे पाच फार कामाला येतात. यात एक सोय आमचीही आहे. आडव्या शब्दातून ‘बी’ मिळाली तर तिच्यात वेलांटी आयतीच मिळते, अर्धं काम तिथंच होतं.

जिल्हे सोपे. अवघड असतात ते प्रदेश, म्हणजे ज्यांना कलेक्टर नसतो असे. ‘सह्याद्री आणि समुद्र यांमधली पट्टी’ म्हणजे कोकण, हे लहान पोरही सांगेल. ‘घाटावरचा पठारी मुलूख’, चौकोन दोन, म्हटलं की बरेच जण अडतात. उत्तर ‘देश’. चार चौकोन आणि शेवटी ‘देश’ मिळाला तर लगेच खानदेश लिहू नये. माणदेशही चारच. दुसऱ्या घरात ‘न’ येतोय की ‘ण’ हे उभ्या शब्दाकडून कळेपर्यंत थांबावं. सूत्रात तापीचं नाव असेल तर प्रश्नच मिटला, आणि दुष्काळी पट्टा किंवा व्यंकटेश माडगूळकर असतील तर माणदेश. विदर्भ आणि वऱ्हाड दोन्ही तीन अक्षरी. ‘रुक्मिणीचं माहेर’ म्हटलं तर विदर्भ, ‘अमरावती-अकोल्याकडचा भाग’ म्हटलं तर वऱ्हाड. ‘नागपूरच्या पलीकडे’ असं मोघम लिहिलं असेल तर त्या कोडेकाराला एकदा आमच्या गाडीत बसवावं.

एका नावाच्या दोन गावांनी तर वाहकाचा जीवच घेतलाय. ‘ओ मास्तर, शिरूर द्या’ म्हटलं की विचारावं लागतं, कोणतं? आमचं शिरूर कासार, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ, आणि पुण्याच्या वाटेवर नुसतं शिरूर. आष्टी हा तालुका आमच्या जिल्ह्यात आहे तसा वर्ध्यातही आहे. बालाघाट म्हटलं की आम्हाला आमचा डोंगर दिसतो, पण ‘मध्य प्रदेशातील एक जिल्हा’, चौकोन चार, याचंही उत्तर बालाघाटच. उलट एकाच सूत्राला दोन गावं दावा सांगतात तेही होतं. ‘वैद्यनाथ ज्योतिर्लिंगाचं ठिकाण’ म्हटलं तर आम्ही परळी म्हणणार आणि झारखंडातले लोक देवघर. तो वाद कुणाला मिटवायचा तो मिटवो, कोड्यात तीन चौकोन असले की परळी.

चांगल्या सूत्राला धरायला काहीतरी हवं. ‘एक गाव’, चौकोन तीन, असं लिहिणाऱ्याला मी कोडेकार मानत नाही. ‘मांजरेचा उगम असलेला तालुका’ म्हणा, मी पाटोदा लिहितो. ‘आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीचं गाव’ म्हणा, अंबाजोगाई. ‘केज तालुक्यातलं धरणाचं गाव’, धनेगाव. ‘बीड शहरातून वाहणारी’, बिंदुसरा. थोडी गंमत करायची तर तीही करता येते. ‘मुलगी चढून गेली तो आमचा डोंगर’: बाला आणि घाट.

बीडची माणसं जिल्ह्याचे जे भाग पाडतात ते मात्र पेपरातल्या कोड्यात क्वचितच येतात. गोदावरीला आमच्याकडे गंगा म्हणतात. गेवराई, माजलगाव आणि परळी या तालुक्यांची तिच्या काठची पट्टी म्हणजे गंगथडी, काळी जमीन, उसाचा मुलूख. दक्षिणेला बालाघाटाच्या अंगाचा डोंगरपट्टा, मुरमाड रान, सीताफळं. दिवाळीच्या पुढेमागे डोंगरपट्ट्यातली घरंच्या घरं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात आणि आमच्या गाड्या त्या मार्गांवर निम्म्या रिकाम्या धावतात. गंगथडीला चार चौकोन, डोंगरपट्ट्याला पाच. कुणी कोडं रचत असेल तर घ्यावेत.

जुन्या कोड्यांची पुस्तकं रद्दीत सापडली तर सोडवताना वर्षाकडे नजर हवी. 1981 च्या आधी जालना जिल्हा नव्हता, 1982 च्या आधी लातूर नव्हता, हिंगोली तर 1999 ची. जालना होण्याआधी मराठवाड्यात जिल्हे पाचच होते आणि पाच चौकोनांची दोन नावं होती: औरंगाबाद, उस्मानाबाद. दोन्हींच्या शेवटी ‘बाद’, त्यामुळे तिथे पहिल्या तीन घरांवरच सगळी भिस्त. निजामाच्या काळात अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं, म्हणजे ‘बीड जिल्ह्यातील तालुका, जुने नाव’ विचारलं तर तेही पाच, शेवटची तीन घरं हुबेहूब उस्मानाबादसारखी, आणि नवं नाव अंबाजोगाई, तेही पाचच!

आता बीडचे शेजारी घ्या. सहा जिल्हे आमच्या सीमेला लागून आहेत आणि त्यातल्या तिघांची नावं अलीकडे बदलली. 2023 साली औरंगाबादच्या पाचाचे दहा झाले, उस्मानाबादच्या पाचाचे चार. 2024 साली अहमदनगर गेलं, अहिल्यानगर आलं, सातांचे सहा. प्रवासी अजून ‘एक नगर’ असंच तिकीट मागतात, आणि तेवढ्याला तीन चौकोन पुरतात.