‘मला हा आजार तर नसेल ना?’ : विचारायलाच हवा असा प्रश्न

मानसिक त्रासासाठी समुपदेशन घेणाऱ्या अनेकांच्या मनात एक प्रश्न घर करून असतो : ‘मला अमुक एक आजार तर नसेल ना?’ एखादा लेख वाचून, मोबाईलवरील माहितीतून किंवा छिन्नमनस्कतेवरील ‘देवराई’ (२००४) सारखा चित्रपट पाहून तो उद्भवतो. परंतु समुपदेशकासमोर ओठांवर येत नाही. डॉक्टरांना शिकविल्यासारखे होईल, आपणांस वेडे ठरविले जाईल, गावात बोभाटा होऊन घरातील सोयरिकीत अडचण येईल, अशी भीती त्यामागे असते. हा संकोच समजण्याजोगा असला, तरी तो रुग्णास महाग पडू शकतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बेंबळी परिसरातील एक तरुण शेतकरी उदासपणा, निरुत्साह व झोपमोड यांसाठी समुपदेशन घेत आहे. अशी लक्षणे किमान दोन आठवडे, बहुतेक दिवसभर टिकून राहिल्यास नैराश्याचा विचार केला जातो. परंतु दोन वर्षांपूर्वी याच तरुणास आठवडाभर दोन-तीन तासांची झोप पुरत होती, बोलणे थांबत नव्हते, आणि बेतांच्या भरात त्याने कर्ज काढून गरज नसलेले यंत्र खरेदी केले होते. ‘तेव्हा तो उमेदीत होता’, एवढेच घरच्यांनी मानले. वास्तविक ती उन्मादाची अवस्था असू शकते. उन्माद व नैराश्य यांचे झटके येणाऱ्या आजारास द्विध्रुवीय अर्थात बायपोलर विकार म्हणतात. त्यात केवळ नैराश्यावरील गोळ्या दिल्यास काही रुग्णांत उन्माद उसळू शकतो. म्हणून मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधांची योजना करावी लागते. रुग्णाने विचारलेच नाही, तर ही जुनी हकिकत कदाचित पुढे येणारच नाही.

प्रश्न विचारताना निष्कर्षापेक्षा निरीक्षणे सांगावीत. ‘मी या आजाराविषयी वाचले, माझ्या बाबतीत असे असे घडले, आपणांस काय वाटते?’ एवढे पुरेसे आहे. त्रास कधीपासून आहे, झोप, भूक व कामावर काय परिणाम झाला, कोणती औषधे चालू आहेत, व्यसन आहे काय, घराण्यात कोणास असा आजार होता काय, हे कागदावर लिहून न्यावे. रुग्णाची संमती असल्यास घरचे माणूस सोबत असावे; कारण उन्मादाच्या काळातील बदल पुष्कळदा रुग्णापेक्षा आप्तांनाच अधिक जाणवतो.

उत्तर पहिल्याच भेटीत मिळेल असे नाही. नैराश्याचे निदान एका रक्ततपासणीने होत नाही. मात्र थायरॉईडचे विकार, रक्तक्षय किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही तशीच लक्षणे दिसतात, म्हणून त्या तपासण्या सांगितल्या जातात. समुपदेशक रुग्णाचे ऐकून मार्गदर्शन करतो. आजाराचे वैद्यकीय निदान व औषधयोजना हे मानसोपचारतज्ज्ञाचे काम आहे. गरज भासल्यास समुपदेशकाकडूनच त्यांच्यासाठी चिठ्ठी मागावी. ‘हा आजार नाही’ हे उत्तरही मोलाचेच. मात्र त्याने त्रास खोटा ठरत नाही.

हा प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्कही आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णास आपल्या आजाराचे स्वरूप व उपचार जाणून घेण्याचा, तसेच माहिती गोपनीय राखली जाण्याचा अधिकार आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते. जीव नकोसा वाटत असल्यास पुढील भेटीची वाट न पाहता तत्काळ मदत घ्यावी व रुग्णास एकटे सोडू नये.

आपल्या जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप सोसला. २०१५ मध्ये शेतकऱ्यांना धीर देण्यासाठी शासनास येथे ‘बळीराजा चेतना अभियान’ हाती घ्यावे लागले. मनाच्या जखमा येथे नव्या नाहीत. त्यांविषयी मोकळेपणाने बोलणे मात्र अजून नवे आहे. विश्वस्त व देणगीदार यांचे साहाय्य यंत्रसामग्रीइतकेच समुपदेशकाच्या वेळेसाठीही मोलाचे आहे, कारण असा प्रश्न घाईच्या तपासणीत विचारला जात नाही. आणि कुटुंबीयांस नम्र विनंती एवढीच, की घरातील कोणी ‘मला काही झाले असेल का?’ असे विचारले, तर ‘मनाला लावून घेऊ नकोस’ म्हणून त्यास गप्प करू नये. त्याच्यासोबत दवाखान्यात यावे.