विद्यापीठाचे आवार आणि शाश्वततेचा हिशेब

बडोद्यातील मराठी घरांपैकी असे घर विरळाच, की ज्यातील कोणीही महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले नाही. 1881 साली सुरू झालेले बडोदा कॉलेज आणि 1949 साली स्थापन झालेले विद्यापीठ यांनी आपल्या तीन-चार पिढ्या घडवल्या. म्हणून त्या आवारात वीज, पाणी आणि कचरा यांचे काय होते, हा प्रश्न आपल्याही घरचा आहे.

ऑगस्ट 2024 च्या पुराने तो अधिकच जवळ आणला. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 26 फूट. त्या वेळी पाणी 35 फुटांच्या वर चढले. मगरींची ही नदी विद्यापीठापासून दूर नाही आणि भूखी नाला तर आवारातूनच वाहतो. तिथली जमीन पावसाचे किती पाणी मुरवून घेते आणि किती पुढे ढकलते, याचा संबंध नदीकाठच्या वस्तीशीही येतो.

शाश्वतता म्हणजे काय?

1987 च्या ब्रंटलँड आयोगाने सांगितलेला अर्थ सोपा आहे: आजच्या गरजा अशा भागवाव्यात की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवताना अडचण येऊ नये. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर संसार करावा.

पर्यावरण हा विषय आता पदवीच्या अभ्यासक्रमात आहेच. पर्यावरण दिन साजरा होतो, रोपे लावली जातात, भित्तिपत्रके लागतात. अडचण अशी की बी.कॉम.चा विद्यार्थी तीन वर्षांत बाहेर पडतो. त्याला लागलेली चांगली सवय त्याच्याबरोबर जाते आणि जूनमध्ये पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. त्यामुळे नुसत्या उपदेशावर भिस्त ठेवून चालत नाही. चांगली सवय व्यवस्थेतच बसवावी लागते.

वीज : खरेदीचे खाते आणि बिलाचे खाते

साधा छताचा पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो, तर नवा बीएलडीसी पंखा सुमारे 30 वॅट. म्हणजे 45 वॅटची बचत. पंखा दिवसाला 10 तास, वर्षाचे 250 दिवस चालतो असे धरले, तर एका पंख्यामागे वर्षाला साधारण 112 युनिट वाचतात. युनिटला 8 रुपये धरले तर 900 रुपये. नवा पंखा 1500 रुपयांनी महाग असला, तरी वाढीव रक्कम दोन वर्षांच्या आत वसूल होते. पुढची सगळी वर्षे नफ्याची.

मग हे सगळीकडे का होत नाही? कारण मोठ्या संस्थेत पंखे एका खात्यातून घेतले जातात आणि विजेचे बिल दुसऱ्या खात्यातून भरले जाते. खरेदी करणारा निविदेतली सर्वांत कमी किंमत बघतो. बिल भरणाऱ्याला विचारले जात नाही. यावर उपाय दोन. खरेदी करताना वस्तूच्या आयुष्यभराचा खर्च मोजावा. आणि प्रत्येक इमारतीला वेगळा मीटर बसवून दर महिन्याचा आकडा दर्शनी फलकावर लिहावा. सगळ्यांचे मिळून एकच बिल आले, की ते कोणाचेच नसते.

पाणी : छतावरचा ठेवा

1000 चौरस मीटर छत आणि वर्षाला 900 मिलिमीटर पाऊस धरू. वीस टक्के पाणी वाया गेले तरी 7 लाख 20 हजार लिटर हाती लागते. ते गाळून टाकीत साठवता येते किंवा शोषखड्ड्यातून जमिनीत मुरवता येते. झाडांच्या बुंध्यापर्यंत फरशा न बसवणे आणि पावसाळ्यापूर्वी गटारे साफ करणे, ही कामे तर फारशी खर्चाचीही नाहीत. एका आवाराने पूर थांबत नाही. पण आपल्या वाट्याचे पाणी शेजाऱ्याच्या दारात न ढकलणे, एवढे तरी नक्की करता येते.

कचरा : उष्टे आणि पालापाचोळा

2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला 100 किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संस्था 'मोठ्या कचरा उत्पादक' ठरवल्या. त्यांत विद्यापीठे आणि वसतिगृहेही आली. वसतिगृहाच्या मेसमध्ये 300 मुले जेवतात आणि प्रत्येकाच्या ताटात 100 ग्रॅम अन्न उरते असे धरले, तर एका वेळेला 30 किलो, दोन वेळचे 60 किलो. भाजीची देठे-साले वेगळीच. उष्टे रोज तोलून आकडा मेसच्या दारावर लिहावा. कोणाला रागावण्याची गरज पडत नाही. आकडा बघून मुले स्वतःच 'थोडे कमी वाढा' म्हणू लागतात.

उरलेल्या ओल्या कचऱ्याचे खत होते, पण नुसता ओला कचरा कुजून वास मारतो. त्यात कोरडा पालापाचोळा मिसळावा लागतो. झाडीच्या आवारात पानगळीला तोटा नसतो. ती पाने जाळली तर धूर होतो, खड्ड्यात घातली तर खत.

टिकून राहणारी माणसे

विद्यार्थी बदलतात; सफाई कामगार, माळी, मेसचे स्वयंपाकी आणि वायरमन बहुधा वर्षानुवर्षे तिथेच असतात. कुठला नळ गळतो, कुठला दिवा रात्रभर जळतो, हे त्यांना आधी कळते. नियोजनाच्या बैठकीत त्यांना खुर्ची द्यावी आणि बोलणे गुजरातीत व्हावे. विद्यार्थ्यांच्या समितीने वर्षअखेरीस नव्या समितीला लेखी हिशेब सोपवावा, जसा आपल्या मंडळाचा खजिनदार सोपवतो.

आपण काय करावे?

पालकांनी प्रवेशाच्या वेळी फी आणि वसतिगृहाबरोबर पाणी-कचऱ्याच्या व्यवस्थेचीही चौकशी करावी. माजी विद्यार्थ्यांनी देणगी देताना ढाल किंवा बाकाऐवजी एखादा मीटर, शोषखड्डा किंवा खताचा हौद देण्याचा विचार करावा. आणि आपल्या गणेशोत्सवाच्या महाप्रसादात थर्माकोलच्या ताटल्यांऐवजी स्टीलची ताटे ठेवावीत, उष्टे तोलावे. वाचलेल्या अन्नाचा आणि पैशाचा आकडा मंडळाच्या वार्षिक अहवालात छापला, तर आपल्या मुला-नातवंडांना ही गोष्ट विद्यापीठात जाण्याआधीच ओळखीची होईल.