अ‍ॅप बनवण्याआधी काय यायला हवे?

निमोणे (ता. शिरूर) येथील शेतकऱ्याला शेतातील कांद्याची वा उसाची नोंद सातबाऱ्यावर होण्यासाठी पूर्वी तलाठ्याच्या पाहणीवर अवलंबून राहावे लागत असे. राज्य सरकारने २०२१ मध्ये 'ई-पीक पाहणी' हे मोबाईल अ‍ॅप राज्यभर आणले आणि ही नोंद शेतकरी स्वतः बांधावरून करू लागला. घरातील शिकलेल्या मुलाकडेच हे काम अनेकदा येते. असे अ‍ॅप आपणही बनवावे, असे त्या मुलाच्या मनात आले, तर त्याने आधी काय शिकावे?

बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते ते एखाद्या संगणकीय भाषेचे. क्लासच्या जाहिरातीही भाषांच्या नावांनीच सजलेल्या असतात. मात्र भाषा ही दुसरी पायरी आहे. अँड्रॉइडचे पहिले फोन २००८ मध्ये आले तेव्हा अ‍ॅपसाठी जावा वापरली जाई. २०१७ मध्ये गुगलने कॉटलिनला मान्यता दिली आणि २०१९ पासून तिलाच प्राधान्य दिले. भाषा बदलली, पण ज्याचा तर्क पक्का होता त्याला नवी भाषा शिकणे जड गेले नाही.

हा तर्क म्हणजे काय, हे पीकनोंदीवरूनच समजते. शेतकऱ्याने गट क्रमांक भरला. तो खात्याशी जुळतो का? जुळत असेल तर पुढचा पडदा, नसेल तर चुकीचा संदेश. कांदा ४० आर, ऊस ३० आर. दोन्ही मिळून गटाच्या क्षेत्रापेक्षा जास्त होत नाही ना? प्रत्येक पिकासाठी हीच तपासणी पुन्हा. छायाचित्र काढले, पण शिवारात रेंजच नाही. मग नोंद फोनमध्ये कुठे ठेवायची आणि रेंज आल्यावर ती दोनदा जाणार नाही, हे कसे पाहायचे? हा सारा क्रम कागदावर मराठीत बिनचूक मांडता आला, तर 'अट', 'लूप' आणि 'फंक्शन' या संकल्पना निम्म्या समजल्याच. माहितीचे तक्ते आखणे, म्हणजे डेटाबेसची तोंडओळख, याच कामाचा भाग होय.

गणिताची भीती बहुधा अनाठायी असते. अशा अ‍ॅपला शाळेतील अंकगणित पुरते; खेळांचे अ‍ॅप करायचे झाल्यास भूमिती व त्रिकोणमिती लागते. इंग्रजीचे मात्र तसे नाही. ती बोलता येणे आवश्यक नाही, पण चुकीचे संदेश आणि मार्गदर्शक पाने इंग्रजीतच असतात आणि ती शब्द न् शब्द वाचावी लागतात. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कोड लिहून देतात. तो कोड चुकला कुठे, हे ओळखायलाही हेच वाचन आणि हाच तर्क लागतो.

खरी अडचण संगणकाची आहे. भाषेची प्राथमिक उदाहरणे फोनवरही सोडवता येतात, अ‍ॅप बनवण्यास मात्र संगणक लागतोच. अँड्रॉइड स्टुडिओ या सॉफ्टवेअरला किमान ८ जीबी रॅम हवी. फोनची प्रतिकृती संगणकातच चालवायची तर १६ जीबी. प्रतिकृतीऐवजी स्वतःचा फोन केबलने जोडला, तर हा भार टळतो. आयफोनच्या अ‍ॅपसाठी लागणारे एक्सकोड केवळ मॅकवरच चालते. त्यामुळे खेड्यातील विद्यार्थ्याने सुरुवात अँड्रॉइडपासून करणे व्यवहार्य ठरते. प्ले स्टोअरवर अ‍ॅप ठेवण्यासाठी एकदाच २५ डॉलर नोंदणी शुल्क भरावे लागते. आपल्याच फोनवर ते चालवून पाहण्यास काहीही लागत नाही.