काकांचे लांब केसांचे हिरो

२०२५ च्या जुलै महिन्यातली गोष्ट आहे. बुधवारी सकाळी काका रात्रपाळी करून घरी आले. चहा समोर आला तरी फोनमधून डोकं वर काढेनात. काकूने विचारलं, "काय झालं हो?"

"ऑझी गेला," काका म्हणाले.

काकूला वाटलं, प्लांटमधले कुणी सहकारी असतील. ती हळहळून म्हणाली, "अरेरे! घरी कोण कोण आहे त्यांच्या?"

दुसऱ्या दिवशी रात्री काका पुन्हा तसेच फोन हातात धरून बसले होते. या वेळी हल्क होगन गेला होता. दोन दिवसांत दोन माणसं. ऑझी ऑस्बोर्न, वय ७६, ब्रिटनचा मेटल गायक. हल्क होगन, वय ७१, अमेरिकेचा कुस्तीगीर. घरात थोडी चेष्टा झाली. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, मुलगी कॉलेजात, आणि डोळ्यात पाणी कुणासाठी, तर टीव्हीवरच्या लांब केसांच्या परदेशी माणसांसाठी!

मलाही आधी हसूच आलं होतं. पण त्या रविवारी मी काकांजवळ बसले आणि सरळ विचारलं, "काका, हे लोक तुमचे कोण होते?" काका दोन तास बोलले. इतकं बोलताना मी त्यांना आजवर पाहिलं नव्हतं. तुमच्याही घरात असा एखादा फॅन नक्की असेल. म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटली.

भिलाईत हे आलं कुठून?

आमचं गाव पोलादाचं. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या १९५५ च्या करारातून इथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. तुम्ही ज्या रुळांवरून रेल्वेने प्रवास करता, त्यातले कितीतरी इथेच घडलेत. १९५६ पर्यंत हा भाग आणि नागपूर एकाच प्रांतात होते, राजधानीही नागपूरच. त्यामुळे नोकरीसाठी विदर्भातली मराठी कुटुंबं इकडे आली ती परक्या मुलखात आल्यासारखी आली नाहीत. माझे आजोबाही तसेच आले आणि सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आमचं घर वसलं.

काकांचं बालपण याच क्वार्टरमधलं. शेजारी बंगाली, समोर मल्याळी, मागे तेलुगू. सगळ्यांचे वडील एकाच भोंग्यावर कामाला जाणारे. १९९१ मध्ये स्टार टीव्ही आला, पाठोपाठ केबलवाल्याची वायर घरोघरी फिरली आणि एकाच वेळी दोन खिडक्या उघडल्या. एकीत एमटीव्हीची गाणी, दुसरीत डब्ल्यूडब्ल्यूएफची कुस्ती. (निसर्ग संवर्धनाचं काम करणाऱ्या संस्थेचं नावही डब्ल्यूडब्ल्यूएफच होतं. तो वाद कोर्टात गेला आणि २००२ मध्ये कुस्तीवाल्यांना नाव बदलून डब्ल्यूडब्ल्यूई करावं लागलं.)

नव्वदच्या दशकात वाढलेल्या वाचकांना ट्रम्प कार्ड्स आठवत असतील. प्रत्येक कार्डावर एका कुस्तीगिराचा फोटो आणि खाली उंची, वजन, छाती, रँक. ज्याचा आकडा मोठा, तो समोरच्याचं कार्ड जिंकणार. काकांचं म्हणणं असं, की दशांश अपूर्णांक ते शाळेत नाही, या कार्डांवर शिकले.

कॅसेट मात्र सहज मिळत नसत. कुणी नागपूरला गेलं की चिठ्ठी द्यायची. बॉन जोव्ही, डेफ लेपर्ड, पॉयझन, मॉटली क्रू. आणलेली एक कॅसेट दहा घरं फिरायची आणि फीत अडकली की पेन्सिलीने गुंडाळायची. गंमत म्हणजे अमेरिकेत तोवर या संगीताची लाट ओसरली होती. १९९१ मध्ये निर्वाणा बँडचा 'नेव्हरमाइंड' आला, साध्या शर्टातली उदास गाणी लोकांना आवडू लागली आणि चमकदार कपडेवाले मागे पडले. तिकडे फॅशन संपली तेव्हा आमच्या सेक्टरमध्ये ती नुकतीच सुरू होत होती!

ग्लॅम मेटल म्हणजे नेमकं काय?

मेटल म्हणजे रॉक संगीताचा जड, कर्कश भाऊ. त्याला शृंगार केला की झालं ग्लॅम मेटल. फुगवलेले लांब केस, डोळ्यांत काजळ, ओठांना लिपस्टिक, अंगाला चिकटलेली चमकणारी पँट, आणि हे सगळं पुरुषांनी केलेलं. सुरांमध्ये मात्र गोडवा, सगळ्यांना बरोबर गाता येईल असं धृपद आणि प्रत्येक अल्बममध्ये प्रेमभंगाचं एखादं संथ गाणं. लॉस एंजेलिसमधल्या सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरचे क्लब हे या संगीताचं माहेर. १९८३ मध्ये क्वायट रायट बँडचा 'मेटल हेल्थ' हा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला आणि पुढची सात-आठ वर्षं या मंडळींचीच होती.

त्याच सुमाराला कुस्तीही रंगीबेरंगी होत होती. जानेवारी १९८४ मध्ये हल्क होगन विजेता झाला. कुस्तीत येण्याआधी तो फ्लोरिडात एका रॉक बँडमध्ये बास गिटार वाजवायचा. जुलै १९८४ मध्ये कुस्तीचा कार्यक्रम थेट एमटीव्हीवर दाखवला गेला आणि पॉप गायिका सिंडी लॉपर रिंगजवळ उभी राहिली. ३१ मार्च १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिला 'रेसलमेनिया' झाला. १९८६ च्या दुसऱ्या रेसलमेनियात ब्रिटिश बुलडॉग्ज या जोडीबरोबर स्वतः ऑझी आला. १९८७ च्या तिसऱ्यात साप घेऊन येणाऱ्या जेक रॉबर्ट्सबरोबर ॲलिस कूपर हा रॉक गायक होता. त्याच दिवशी होगनने आंद्रे द जायंट या राक्षसी देहाच्या माणसाला उचलून आपटलं.

"म्हणून मला दोन छंद नाहीत, एकच आहे," काका म्हणाले. "गिटार वाजली की पडदा बाजूला होतो आणि माणूस आत येतो. तो गायला आला की लढायला, हे नंतर कळतं."

पोलादाच्या गावांचं संगीत

मी विचारलं, "पण हे तुम्हाला आपलं का वाटलं?" काकांनी उत्तरादाखल मला तीन गावं सांगितली.

पहिलं, इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. कारखान्यांचं गाव. ऑझीच्या ब्लॅक सबाथ बँडचा गिटारवादक टोनी आयोमी तिथे पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी मशीनमध्ये सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली आणि पुन्हा गिटार उचलली. त्याच हातांतून पुढे हेवी मेटल जन्माला आलं.

दुसरं, शेफील्ड. तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातले डबे ज्या स्टेनलेस स्टीलचे असतात, ते १९१३ मध्ये याच गावात तयार झालं. डेफ लेपर्ड बँड इथलाच. त्यांचा ड्रमवादक रिक ॲलन याचा डावा हात ३१ डिसेंबर १९८४ च्या मोटार अपघातात गेला. ड्रम वाजवणाऱ्याचा हात! सोबत्यांनी त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला नाही, ते थांबले. डाव्या हाताचं काम पायाने करता येईल असे पेडल बनवून घेतले गेले, रिक नव्याने शिकला आणि १९८७ मध्ये त्यांचा 'हिस्टीरिया' हा अल्बम आला. बँडमध्ये रिक आजही आहे.

तिसरं, अमेरिकेतलं पिट्सबर्ग. तेही पोलादाचं. इटलीतून लहानपणी आलेला ब्रुनो सॅमार्टिनो तिथे वाढला आणि १९६३ ते १९७१ सलग कुस्तीचा विजेता राहिला.

"दिवसभर भट्टीचा धडधडाट ऐकणाऱ्या माणसाला हळुवार गाणं ऐकूच येत नाही," काका हसून म्हणाले. मग जरा गंभीर झाले. "आणि मशीनवर काम करणाऱ्याला हाताची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. रिक ॲलनचा फोटो माझ्या लॉकरमध्ये आहे, तो त्यासाठी."

इतकी वर्षं आम्ही त्यांना 'गोंगाट बंद करा' एवढंच म्हणत आलो होतो. त्या गोंगाटात त्यांना काय ऐकू येतं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"पण ते सगळं खोटं असतं ना?"

प्रत्येक कुस्तीप्रेमीला हा प्रश्न आयुष्यभर ऐकावा लागतो. उत्तर सोपं आहे. हो, कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं. हे गुपित जपण्याला त्या धंद्यात 'केफेब' असा खास शब्द आहे. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्यात कंपनीनेच सांगून टाकलं, की हा खेळ नसून करमणूक आहे, कारण खेळांवरची सरकारी देखरेख आणि कर त्यांना नको होता.

पण जरा विचार करा. बालगंधर्व शालू नेसून रंगमंचावर यायचे तेव्हा समोरच्या प्रेक्षकांना ते पुरुष आहेत हे माहीत नव्हतं का? तरी बायका त्यांच्यासारखा पदर घ्यायला शिकल्या. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढती पाहायला आपले आजोबा तिकीट काढून गेलेच ना? कोल्हापूरच्या खासबाग मैदानातली मातीतली कुस्ती वेगळी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी जिंकलेलं कांस्यपदक वेगळं. त्यांची बरोबरी इथे कुणी करत नाही. ही कुस्ती म्हणजे अंग मोडून केलेलं नाटक.

आणि अंग खरोखरच मोडतं. रिंगखाली लोखंडी सांगाडा आणि लाकडी फळ्या असतात, वर पातळ गादी. जून १९९८ मध्ये अंडरटेकरने मॅनकाइंडला पिंजऱ्याच्या छतावरून खाली टेबलावर फेकलं. निकाल ठरलेला होता, पण पडणं खरंच होतं.

हिरो चुकतो तेव्हा

हे सगळं ऐकून मी जरा अवघड प्रश्न विचारला. होगनबद्दल मी वाचलं होतं. 'व्यायाम करा, जीवनसत्त्वं घ्या' असं मुलांना सांगणाऱ्या होगनने १९९४ मध्ये कोर्टात शपथेवर कबूल केलं, की त्याने अनेक वर्षं स्टेरॉइड्स घेतली होती. २०१५ मध्ये त्याचं कृष्णवर्णीयांबद्दलचं गलिच्छ बोलणं उघड झालं आणि कंपनीने त्याच्याशी संबंध तोडले. तीन वर्षांनी परत घेतलं, पण सगळ्या चाहत्यांनी माफ केलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "२०१५ ला मी त्याचं पोस्टर भिंतीवरून काढलं. ट्रम्प कार्ड मात्र ठेवलं. पोस्टर त्याचं होतं, कार्ड माझ्या लहानपणाचं आहे."

मला वाटतं, आवडत्या माणसाच्या चुकांशी कसं वागावं, याचं याहून बरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

तुमच्या घरात असा फॅन असेल तर

फॅन मोठा असेल तर आधी चेष्टा थांबवा आणि एक प्रश्न विचारा. 'काय बघता हो हे?' असा नको. 'यातला तुमचा आवडता कोण आणि का?' असा विचारा. दोन्हींत फार फरक आहे.

फॅन लहान असेल तर बंदी घालण्याऐवजी सोबत बसून बघा. निकाल ठरलेला असतो, पडण्याचा सराव कित्येक वर्षांचा असतो, हे मुलांना स्पष्ट सांगा. पलंगावरून लहान भावंडाला उचलून आपटणं, मान पकडणं हे प्रकार पहिल्याच वेळी थांबवा. मानेची दुखापत आयुष्यभर पुरते. आकर्षक शरीराच्या मोहात मुलगा जिममध्ये पावडर-इंजेक्शनच्या गोष्टी करू लागला, तर होगनचा कोर्टातला किस्सा सांगा. उपदेशापेक्षा तो जास्त लक्षात राहील.

संगीताच्या आवाजाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांनी आठवड्याला ४० तासांपर्यंत ८० डेसिबल आवाज ऐकणं सुरक्षित आहे, लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलची. हेडफोनचा आवाज कमी ठेवायची सवय लावा. काका प्लांटमध्ये कानात इअरप्लग घालतात आणि घरी येऊन मेटल ऐकतात तेही बेताच्या आवाजात. "कान एकच जोडी मिळते," हे त्यांचंच वाक्य.

आणि शेवटची गोष्ट आजीची. होगन गेल्याचं काकांनी सांगितलं त्या रात्री सगळे हसत होते, तेव्हा कोपऱ्यातून आजी म्हणाली, "अगंबाई, तो पिवळ्या बनियनवाला? मिशीवाला? बनियन फाडायचा तो?"

आम्ही थक्क झालो. आजीने सांगितलं, की आजोबा रात्रपाळीला गेले की एकटं पोर टीव्हीसमोर बसायचं. ती भाजी निवडत त्याच्याशेजारी बसायची. तिला इंग्रजी कळत नव्हतं. पण कोण चांगला, कोण लबाड, कोण मार खाऊन पुन्हा उठणार, हे सगळं कळायचं.

आता मंगळवारी पहाटे अमेरिकेतली 'रॉ' ही कुस्ती फोनवर थेट दिसते. हिवाळ्यात ती साडेसहाला सुरू होते, काका रात्रपाळीवरून पोहोचतात तेव्हाच. आजी आधीच उठून खुर्ची ओढून बसलेली असते. हल्ली मीही चहाचे तीन कप घेऊन जाते.