वार्धक्यातील दंतहानी आणि विषाणूंचा संसर्ग

वय झाले की दात पडायचेच, अशी समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. वस्तुतः वार्धक्य हे दात पडण्याचे कारण नव्हे. दातांची कीड आणि हिरड्यांचा जुनाट विकार ही त्याची दोन प्रमुख कारणे होत. तंबाखूचे व्यसन व मधुमेह यांमुळे हिरड्यांचा विकार अधिकच बळावतो. याखेरीज आणखी एका कारणाकडे सहसा लक्ष जात नाही. ते म्हणजे विषाणूंचा संसर्ग.

हिरड्यांच्या विकारात दात व हिरडी यांमधील फट खोल होत जाते, तेथे जंतू साठतात आणि दातांना आधार देणारे हाड झिजते. या फटींत जंतूंबरोबरच हर्पिस कुळातील विषाणूही आढळतात, असे १९९० नंतरच्या संशोधनातून दिसून आले. हे विषाणू तेथील प्रतिकारशक्ती क्षीण करून जंतूंना वाव देत असावेत, असे काही संशोधकांचे मत आहे. तथापि, विषाणूंमुळेच हा विकार उद्भवतो, असे सिद्ध झालेले नाही.

नागिणीच्या बाबतीत हा संबंध अधिक स्पष्ट आहे. बालपणीच्या कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्तावस्थेत राहतो. उतारवयात प्रतिकारशक्ती घटली, की तो पुन्हा डोके वर काढतो. जबड्याकडे जाणारा मज्जातंतू बाधित झाल्यास पुरळ उठण्यापूर्वीच दाढ ठणकू लागते. अशा वेळी दाढ किडली असावी असे समजून निरोगी दात काढला जाण्याचा संभव असतो. पुढे गाल, ओठ व टाळू यांवर एकाच बाजूला फोड येतात. क्वचित प्रसंगी जबड्याच्या हाडाचा काही भाग निर्जीव होतो आणि काही आठवड्यांत तेथील दात आपोआप गळून पडतात.

नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की रोगी दगावतो, हा समज निराधार आहे. बाधित मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूचा असल्याने फोड सामान्यतः मध्यरेषेपाशीच थांबतात. गेरूचा लेप व मंत्रतंत्र यांत मात्र उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. विषाणुरोधक औषधे पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास सर्वाधिक गुणकारी ठरतात. ५० वर्षांवरील व्यक्तींसाठी नागीणप्रतिबंधक लसही २०२३ पासून भारतात उपलब्ध झाली आहे. ती घेण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

कोविडच्या साथीत, २०२१ साली, महाराष्ट्राने याहून भीषण अनुभव घेतला. कोविडनंतर अनेकांना, विशेषतः मधुमेहींना व स्टिरॉइड औषधे दिलेल्यांना, म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने ग्रासले. वरच्या जबड्याचे दात अकस्मात हलू लागणे हे त्याचे एक लक्षण होते. हे लक्षण वेळीच ओळखणे म्हणजे प्राण वाचविण्याची संधी साधणे होते.

दात गेले की चावणे अवघड होते, आहार घटतो आणि कुपोषण वृद्धांनाही गाठते. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना द्यावयाच्या साधनांत कवळीचा समावेश करण्यात आला, तो याच जाणिवेतून. परंतु कवळीपेक्षा स्वतःचे दात केव्हाही श्रेष्ठ. वृद्धाची दाढ दुखू लागली, दात हलू लागले किंवा चेहऱ्याच्या एकाच बाजूला फोड आले, तर "वयच झाले आता" असे म्हणून स्वस्थ न बसता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे, एवढी गोष्ट ग्रामसभेतून व शाळेतून घरोघरी पोहोचली, तरी पुष्कळ कार्य साधेल.