वठलेलं झाड पाडताना

निवृत्तीनंतर कोकणातल्या आमच्या वाडीत मी वठलेली झाडं काढायला शिकलो. झाड पाडताना पडायच्या बाजूला खाच घ्यायची, मग मागून कापत यायचं आणि मधे लाकडाची अरुंद पट्टी राखायची. ओल्या झाडात ती बिजागरीसारखी वळते, झाडाला दिशा देते. वठलेल्यात मात्र ती ठिसूळ असते, अवचित तुटते. शिवाय घावाच्या हादऱ्यानं वरची वाळकी फांदी सुटते. पहिल्याच वर्षी एक माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावर पडली. तेव्हा बघा, आधी वर पाहायचं, मागे तिरकी पळवाट मोकळी करायची.

पण मुळात पाडायचं का? घरावर, पायवाटेवर झुकलेलं जरूर पाडावं. आत उभं असलेलं राहू द्यावं. त्याच्या ढोलीत पिंगळा राहतो, मऊ लाकडात तांबट घर कोरतो. 'मेलेलं झाड' हे वर्णन माझ्या सोयीचं आहे, त्यांच्या नव्हे.