प्रातःकाळची तजवीज

आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या नकाशावर औंध, आटपाडी आणि कुंडल ही गावे एकमेकांपासून इतकी दूर पडलेली आहेत की, ती एकेकाळी एकाच संस्थानाच्या दप्तरात नोंदलेली होती हे सांगितल्यावाचून ध्यानात येत नाही. सांगली हा स्वतंत्र जिल्हा तेव्हा नव्हता. १९४९ साली तो दक्षिण सातारा म्हणून निर्माण झाला आणि १९६० साली त्यास आजचे नाव मिळाले. औंधचा मुलूख अवघ्या बहात्तर गावांचा, आणि तोही सलग नव्हे, तर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला; परंतु या लहानशा संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा जो प्रसार आयुष्यभर केला, त्याला संस्थानाची सरहद्द कधी आड आली नाही. सकाळी स्वतःसाठी पाव तासही ज्याला सापडत नाही अशा आजच्या कामाने गांजलेल्या माणसाने त्यांच्यापासून शिकावे असे पुष्कळ आहे, असे मला मनापासून वाटते.

सकाळ कशी लावून घ्यावी याविषयीचा उपदेश बहुधा सवड असलेली माणसे करतात, आणि म्हणूनच तो संसारी माणसाच्या पचनी पडत नाही. बाळासाहेबांविषयी ही तक्रार करता येणार नाही. १९०९ साली ते गादीवर आले; ते चित्रकार होते, कीर्तनकार होते; वेरूळ आणि अजिंठ्याच्या लेण्यांवर त्यांनी ग्रंथ सिद्ध केले; औंधच्या डोंगरावर संग्रहालय उभारले; लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा निवडुंगाने माजलेला माळ त्यांनीच देऊ केला आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली; पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांच्या वेदाभ्यासास त्यांनी आश्रय दिला; आटपाडीजवळच्या स्वतंत्रपुरात भिंतींवाचून तुरुंग चालविण्याचा प्रयोग त्यांच्याच अमदानीत झाला; आणि १९३९ साली तर राज्यकारभाराचा अधिकारच त्यांनी प्रजेच्या प्रतिनिधींच्या हाती सोपवला. ज्याच्यापुढे अर्जदारांची रीघ लागलेली असे आणि ज्याच्या एकेका सहीवाचून कामे तुंबून राहत असतील, अशा पुरुषाने दिवसाचा पहिला प्रहर कोणत्याही कामकाजाला न देता आपल्या देहाच्या उपासनेला दिला, या गोष्टीचे मोल म्हणूनच अधिक आहे.

हा शिरस्ता त्यांना पहिल्या प्रयत्नात साधला असे मात्र नाही. १८९७ साली त्यांनी सँडो या जगप्रसिद्ध युरोपीय बलोपासकाची पुस्तके आणि व्यायामाची सारी साधने विकत घेतली आणि तब्बल दहा वर्षे त्या पद्धतीने नेमाने मेहनत केली. पुढे १९०८ च्या सुमारास शेजारच्या मिरज संस्थानच्या अधिपतींचा कित्ता डोळ्यांपुढे ठेवून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग अखेरपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. या स्थित्यंतराचा विचार करताना मला त्यातील व्यावहारिक शहाणपण विशेष जाणवते. साधनांच्या व्यायामाला साधने हवीत, ती ठेवण्यास खोली हवी, आणि प्रवासात मुक्काम हलला की नेम मोडलाच म्हणून समजावे. उलट नमस्काराला एका सतरंजीएवढी जागा पुरते, मग ती राजवाड्यात असो, धर्मशाळेत असो की चाळीतल्या दोन खाटांच्या मधोमध असो. सकाळचा कोणताही नेम निवडताना ही कसोटी लावून पाहावी. जो नेम घरच्या सर्वांत वाईट दिवशी, म्हणजे पाहुणे आलेले असताना, नळाला पाणी नसताना, मूल तापाने फणफणलेले असतानाही पाच मिनिटांत उरकता येतो, तोच वर्षभर टिकतो.

नमस्काराची घडण जरा जवळून पाहण्यासारखी आहे. पाय जुळवून, हात छातीशी जोडून ताठ उभे राहावयाचे. मग गुडघे न वाकवता पुढे झुकून तळहात जमिनीवर टेकावयाचे. एक पाय मागे, मग दुसरा मागे. आणि नंतर देह जमिनीला असा भिडवावयाचा की कपाळ, छाती, दोन्ही हात, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पावले ही आठ अंगे टेकतील, परंतु पोट अधर राहील. नवशिक्याची फजिती होते ती येथेच. पोट सुटलेले असले तर ते आधी टेकते आणि आपल्या प्रकृतीचा जमाखर्च देह स्वतःच उघडा करून दाखवतो. तेथून मान वर उचलून, कंबर उंचावून, उलट क्रमाने पुन्हा पायांवर यावयाचे. औंधच्या पद्धतीत या स्थिती दहा मोजतात, अन्यत्र बारा मोजण्याची चाल आहे. प्रत्येक नमस्कारापूर्वी मित्र, रवी, सूर्य, भानू या क्रमाने भास्करापर्यंत सूर्याच्या बारा नावांतील एकेक नाव घ्यावयाचे असल्यामुळे मोजदाद आपोआप होते, घड्याळाकडे पाहावे लागत नाही आणि मन तेवढा वेळ भटकतही नाही. संथपणे घातले तरी बारा नमस्कारांना पाच-सहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. उच्च रक्तदाब, पाठीच्या मणक्याचे दुखणे किंवा अंतर्गळ असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी मात्र वैद्याला विचारल्याखेरीज डोके खाली जाणाऱ्या स्थिती करू नयेत.

बाळासाहेबांनी संस्थानच्या शाळांत नमस्कार हा शिक्षणक्रमाचा भाग केला, स्त्रियांनीही ते घालावेत असा आग्रह धरला, आणि १९३८ साली लंडनमध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर हा औंधचा नेम परदेशी वाचकांच्याही परिचयाचा झाला. त्यांच्या लिखाणात नमस्काराने बहुतेक सर्व व्याधी दूर होतात असा जो सूर आढळतो, तो आजच्या वैद्यकाच्या निकषावर सर्वस्वी टिकणारा नाही, हे त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून म्हटले पाहिजे. परंतु रोज एकाच वेळी, एकाच क्रमाने, उपाशीपोटी, उजेडाच्या दिशेला तोंड करून केलेला थोडा व्यायाम दिवसाला वळण लावतो, ही जी त्यांची मूळ श्रद्धा होती, तिला पुढच्या संशोधनाने बळकटीच आणली आहे.

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतू जेथे एकमेकांना छेद देतात त्याच्या किंचित वर, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो आणि झोप, भूक, देहाची उष्णता व संप्रेरकांचे स्रवण या सर्वांचे वेळापत्रक तो सांभाळतो. या देहघड्याळाची यंत्रणा पेशीच्या अंतरंगात कशी चालते याचा उलगडा केल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. हे घड्याळ बहुतेकांत चोवीस तासांहून किंचित मागे पडणारे असते आणि ते रोज जाग्यावर आणण्याचे काम मुख्यत्वे सकाळचा उजेड करतो. खोलीतील दिव्याचा उजेड त्या मानाने फार मंद. ढगाळ सकाळीही गच्चीवर वा अंगणात मिळणारा प्रकाश त्याच्या कित्येक पट असतो. रात्री उशिरापर्यंत मोबाईलचा पडदा डोळ्यांसमोर धरला तर हेच घड्याळ उलट्या बाजूला ओढले जाते, आणि मग सकाळी गजर झाल्यावर जी जडता येते तिचे खापर आपण स्वभावाच्या आळसावर फोडतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. साताऱ्यात जूनच्या आरंभी सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, तर जानेवारीत तो सातच्याही पुढे जातो. तेव्हा उन्हाळ्यात साडेपाचला उठणारा माणूस त्याच साडेपाचला पौष महिन्यात उठला, तर त्याला उजाडण्यासाठी दीड तास थांबावे लागते. बारमाही एकच वेळ पाळण्याचा हट्ट धरण्यापेक्षा हिवाळ्यात अर्धा तास पुढे सरकण्याची मुभा स्वतःला द्यावी. शेतकरी पिढ्यानपिढ्या तेच करीत आलेला आहे. आणि ब्राह्ममुहूर्ताचे माहात्म्य सांगणाऱ्यांनी हेही सांगावे की, तो पाळणारी आपली आजी दिवेलागणीनंतर दोन-तीन तासांत अंथरुणाला पाठ टेकीत असे. प्रौढ माणसाला निदान सात तासांची झोप लागते. मध्यरात्री निजून साडेचारला उठणे ही कर्ज काढून केलेली दिवाळी आहे.

नेम अंगवळणी पडण्यास एकवीस दिवस लागतात असे पुष्कळ ठिकाणी छापून येते, त्याला फारसा आधार नाही. लंडनच्या एका विद्यापीठात शहाण्णव स्वयंसेवकांवर केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय आपोआप घडू लागण्यास सरासरीने सहासष्ट दिवस लागले. कोणाला अठरा पुरले, तर कोणाचा अंदाज दोनशे चोपन्नपर्यंत गेला. त्याच अभ्यासात असेही दिसले की, मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही. संकल्प मोडला म्हणून तो टाकून देणाऱ्या कितीतरी सज्जनांना या एका वाक्याने धीर यावा.

सातारकरांच्या अंगी सकाळ अद्याप शिल्लक आहे, याची साक्ष अजिंक्यतारा गडाचा रस्ता देतो. उजाडण्यापूर्वीच ‘चार भिंती’ नावाच्या जागेच्या बाजूने माणसे चढू लागतात. कानटोपी घातलेले पेन्शनर, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे, आणि २०१२ पासून भरणाऱ्या डोंगरी अर्धमॅरेथॉनच्या निमित्ताने धावण्याचा नाद लागलेल्या गृहिणी. सांगलीला कृष्णेचा घाट आणि १९२९ सालचा आयर्विन पूल अशीच गर्दी पाहतात. हे दृश्य सुखद आहे यात शंका नाही. पण ज्या स्त्रिया येथे दिसत नाहीत त्यांच्याविषयी काही बोलल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. कर्ता पुरुष गडावर जाऊन घामाघूम होऊन परत येतो तेव्हा अंघोळीचे पाणी तापलेले असते, चहा तयार असतो, मुलांचे डबे भरलेले असतात आणि डेअरीला दूधही गेलेले असते. हे सर्व ज्या बाईने केले तिची सकाळ कोणत्याही पुस्तकाच्या हिशेबात धरलेली नसते. एकाच्या आत्मोन्नतीचा मोबदला दुसरीने झोप मोडून द्यावा, हा रिवाज मला अन्यायाचा वाटतो.

या बाबतीत साताऱ्यानेच एक निराळा धडा घालून दिलेला आहे. किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम काही काळ केलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उघडले. पैसा नव्हता, मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. अशा संसारात नोकरचाकर कोठून असणार? पाणी, झाडलोट, स्वयंपाक, शेतातले काम हे सारे मुलांनीच वाटून घ्यावयाचे, आणि ते सांभाळून शिकावयाचे, असा तेथील दंडक होता. ज्या मुलाला घरी कधी ताट उचलण्याची ताकीद मिळाली नव्हती, तो तेथे परातभर पीठ मळू लागला. घरातली सकाळ सर्वांना पुरावी असे वाटत असेल तर हीच वाटणी हवी: कणीक रात्री कोणी मळून ठेवावी, पिण्याचे पाणी कोणी भरावे, दप्तर आणि गणवेश कोणी पाहावा, हे भिंतीवर लिहून ठेवावे, आणि त्यात बाईच्या नावापुढे पंधरा मिनिटे कोरी सोडावीत, ज्यांत तिला कोणी हाक मारावयाची नाही. तिने त्या वेळात नमस्कार घालावेत की नुसते अंगणात उन्हात बसावे, हे तिचे तिने ठरवावे.

कामाच्या माणसासाठी याहून लांबलचक वेळापत्रक मी सुचवणार नाही. उठल्यावर प्रथम उजेडात जावे, पाणी प्यावे, बारा नमस्कार किंवा तितक्याच वेळाचे चालणे व्हावे. आणि मग मोबाईल हातात घेण्यापूर्वी, दुसऱ्या कोणाचा तगादा सुरू होण्यापूर्वी, ज्या एका कामाची टाळाटाळ चालली आहे त्याला वीस मिनिटे द्यावीत. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याने एक प्रकरण वाचावे, हळदीच्या वा गुळाच्या व्यापाऱ्याने कालचा हिशेब मिटवावा, शिक्षकाने वह्या तपासाव्यात. सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ तासाभराहून अधिक पुढे जाऊ देऊ नये, नाहीतर सोमवारची सकाळ परगावाहून रात्रीचा प्रवास करून आल्यासारखी उगवते.

साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या पाळीला जाणारा कामगार हे वाचून विचारील की, ज्याची रात्र सूर्योदयाला सुरू होते त्याने काय करावे. त्याचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. पाळी संपवून घरी येताना त्याने डोळ्यांना गडद चष्मा लावावा, खिडकीला जाड पडदा टाकावा, आणि दुपारी जाग आल्यावर हाच क्रम, हीच बारा नावे, त्याच जागी उभे राहून पार पाडावीत. घड्याळातील आकडा बदलला तरी क्रम बदलू देऊ नये. घरच्यांनी त्याच्या झोपेच्या वेळी दाराची कडी वाजणार नाही इतकी काळजी घ्यावी. आणि पाळ्यांचा तक्ता ठरविण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांनी पहिलीनंतर दुसरी व दुसरीनंतर तिसरी अशीच पाळी पुढे सरकवावी, उलट क्रमाने मागे आणू नये. देहघड्याळाला पुढे सरकणे सोपे जाते आणि मागे येणे जड.